शब्दाखालची पिवळी चौकट

माझ्या पत्नीने कापसाच्या कामातले शब्द गोळा केले होते. ते तिने संगणकावर लिहिले होते, आणि त्यातला निम्मा मजकूर एरवी दिसत नसे. शब्दावर माउसचा बाण नेऊन थांबवला की शब्दाखाली एक लहानशी पिवळी चौकट उघडायची. चौकटीत दोन-तीन ओळी असायच्या. बाण हलला की चौकट मिटायची. नाही हलवला तरी थोड्या वेळाने आपोआप मिटायची.

ती घाटंजीच्या पलीकडच्या एका खेड्यातली. तिची आई जन्मभर दुसऱ्यांच्या वावरात कापूस वेचत आली. आईला ती माई म्हणायची, लग्नानंतर मीही म्हणू लागलो. शब्द सगळे माईचे. पत्नी प्राथमिक शाळेत शिक्षिका होती, त्यामुळे प्रत्येक शब्दाचा अर्थ तिने आधी नीट, शाळेच्या भाषेत लिहिला. तो पानावर सरळ दिसायचा. माईने तो शब्द कसा सांगितला, काय बोलून सांगितला, ते चौकटीत.

"वर शाळेचा अर्थ, खाली माईचा," ती म्हणायची. "शाळेचा सगळ्यांना दिसू दे. माईचा ज्याला पाहिजे त्यानं थांबून वाचावा."

सीतादही या शब्दाखालची चौकट मला आठवते. वर लिहिले होते, कापसाच्या पहिल्या वेचणीला शेतात दहीभात वाहण्याची रीत. चौकटीत लिहिले होते: माई म्हणे, दही मालकिणीचं, हात आमचे. डवरणीखालचीही आठवते. तिथे माईच्या ओळीनंतर हिने आपली एक ओळ जोडली होती: आमचे लायब्ररीवाले याला आंतरमशागत म्हणतात, बैलाला समजत नाही. मी यवतमाळला एका महाविद्यालयात ग्रंथपाल होतो.

बहुतेक चौकटींत अशी तिची स्वतःची एक ओळ होती. माईच्या बोलण्यावर तिचे उत्तर म्हणा, भांडण म्हणा, लाड म्हणा. समोर बोलताना या मायलेकी एकमेकींशी कधी गोड बोलल्याचे मला आठवत नाही.

त्या काळी मराठी टंकलिखाण फाँटवर चाले. फाँट म्हणजे एक सोंग होते. संगणक आतमध्ये इंग्रजी अक्षरेच जपून ठेवायचा, फाँट त्यांना वरून मराठी चेहरा द्यायचा. एम दाबला की उ दिसायचा, ए दाबला की अनुस्वार, आय दाबला की प. पानावर हे सोंग छान वठायचे, पिवळ्या चौकटीला मात्र फाँट लागत नसे. तिने पहिली चौकट मराठीत लिहून बाण ठेवून पाहिला तर आत नुसता इंग्रजी अक्षरांचा चिवडा.

"पाहा हो," ती मला हाक मारून म्हणाली, "माई इंग्रजी बोलून राह्यली."

मग तिने सरळ मार्ग काढला. चौकटीतली मराठी इंग्रजी अक्षरांतच लिहायची, जशी पुढे लोक मोबाइलवर लिहू लागले तशी. पान मराठी फाँटात, चौकट इंग्रजी अक्षरांत. वाचणाऱ्याला काही अडचण नव्हती.

माई डोळ्यांच्या औषधासाठी यवतमाळला यायची तेव्हा पत्नी तिला खुर्चीवर बसवून दाखवायची. माईला वाचता येत नव्हते. चौकट उघडली की ती मागे सरायची.

"बाप्पा! हे काय निंघालं?"

"तू आहेस त्यात. पऱ्हाटी म्हंजे काय, थे तू सांगून राह्यली."

"एवढ्याशात मी?" तिने बोट पुढे केले, तिचा हात माउसला लागला, चौकट मिटली. "गेली! कुठं गेली मी?"

"तू टिकतच नाहीस फार वेळ. सबुर कर."

पत्नी माईची ओळ वाचून दाखवायची. आपली ओळ वाचायची नाही. ती मनात वाचून हसायची.

"काहून हासून राह्यली? खाली काय लिवलं?"

"थे मी लिहिलं. तुह्याबद्दल."

"मंग वाच ना!"

"नाही. थे तुह्या माघारी वाचायचं."

"माह्या माघारी मले कोन वाचून दाखवीन, बह्याडे?" माई म्हणायची, आणि दोघी हसायच्या. हा संवाद आमच्या घरी इतक्यांदा झाला की मी पुस्तकातून डोके वर काढायचे सोडले होते.

कापसाची वाईट वर्षे तेव्हा सुरू झालेलीच होती. आमच्या जिल्ह्याचे नाव बाहेरच्या लोकांना त्याच वर्षांत कळले. गाड्या भरून माणसे येत, कॅमेरे येत, आणि आत्महत्या झालेले घर विचारत फिरत. हिच्या संग्रहाची माहिती लागली की काही जण आमच्याकडेही येत. मरणाला तुमच्याकडे काय शब्द आहे, असे एकाने विचारले. ती म्हणाली, "मरणाला मरणच म्हणतात. वेचणीला आमच्याकडे किती शब्द आहेत ते विचारा." त्याने विचारले नाही.

माईच्या बाजूने ती वर्षे कशी होती याबद्दल मला कुठे वाचायला मिळाले नाही. वावर तिचे नव्हतेच, तेव्हा ते जाण्याचा प्रश्न नव्हता. तिचे काम गेले. बोंडअळीने बोंड आतून खाल्ले की ते नीट फुटत नाही. त्यात हात घातला की बोटांना टरफल टोचते आणि हाती खराब कापसाची मळकट, घट्ट कवडी येते. सकाळी कमरेला कापसाची ओटी बांधून गेलेल्या बाया दुपारीच रिकाम्या परत यायच्या. पुढे पुष्कळांनी सोयाबीन पेरले. सोयाबीन वेचायचे नसते, ते कापून मळणीयंत्रात घालायचे. माई म्हणायची, सोयाबीनले हाताची वळखच नाही. तेही चौकटीत होते. कोणत्या शब्दाखाली, ते आता सांगता येणार नाही.

जे केव्हाही पाहता येते ते कुणी पाठ करत नाही. त्या चौकटी मीही पाठ केल्या नाहीत. तिने सगळी पाने इंटरनेटवर एका फुकट जागेवर चढवून ठेवली होती. मला वाटायचे, आहेत तिथे.

तिचे आजारपण फार लांबले नाही. किडन्या गेल्या होत्या. सावंगीच्या दवाखान्यात काही दिवस, मग घरी. शेवटच्या आठवड्यात माई येऊन राहिली. ती लेकीचे पाय चेपत बसायची आणि दोघी कशावरून तरी हळू आवाजात भांडत असायच्या. एकदा पेज पातळ झाली यावरून. मग ते भांडण थांबले.

पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम गावच्या विहारात झाला. माणसे गेल्यावर माई भिंतीला टेकून बसली होती. मी पाण्याचा तांब्या घेऊन गेलो.

"जवाई, थे आता वाचा," ती म्हणाली.

"काय माई?"

"तिनं माह्याबद्दल खाली काय काय लिवलं थे. माह्या माघारी वाचायचं म्हने. पन आता तीच अगुदर गेली. आता कायले थांबाचं?"

मी म्हटले, वाचून दाखवतो. पहिल्या स्मृतिदिनाला पुस्तिकाच काढू, सगळे शब्द आणि सगळ्या चौकटी. आलेल्यांना वाटू, आणि तुम्हाला सगळे बसून वाचून दाखवीन. माईने मान हलवली. "सारं," ती म्हणाली. "माहं नका वाचू. तिचं वाचा."

यवतमाळला परतलो तर तिचा संगणक सुरू होईना. आमच्याकडे लाइट जायची आणि येताना जोरात यायची, तशाच एका येण्यात तो जळाला. इंटरनेटवरची फुकट जागा देणाऱ्यांनी ती सेवा बंद करत असल्याची सूचना लावली होती. मुदत संपायच्या आत मी महाविद्यालयातल्या संगणकावरून सगळी पाने एका पेन ड्राइव्हवर उतरवून घेतली. पाने उघडून पाहिली. बाण ठेवला, चौकट आली. दोन-तीन शब्दांवर ठेवून पाहिला. मला तिथे जास्त वेळ बसवले नाही. मी पेन ड्राइव्ह खिशात घातला. पुढे ती जागा बंद झाली.

दत्त चौकाच्या मागच्या गल्लीत डीटीपीचे एक दुकान होते. लग्नपत्रिका, स्मरणिका, विहाराची आणि मंदिराची वर्गणीपुस्तके, सगळे तिथेच व्हायचे. दुकानदार चाळिशीतला, बोलका माणूस. त्याने पाने उघडून दोन-चार चौकटी स्वतः वाचल्या आणि हसला.

"सर, हे पिवळं कागदावर येत नाही. कागदावर बाण कुठून आनाचा?"

"तळटीप करता येईल?"

"करून टाकू ना. एकेक काढतो अन् खाली बसवतो. मॅडमचं काम आहे. मॅडमनं मले शिकवलं असतं त मीबी असा दुकानात बसलो नसतो."

"मग कुठं बसला असता?"

"मोठ्या दुकानात!"

दुसरा कुणी असता तर पाने नुसती छापून मोकळा झाला असता, आणि चौकटी पानांच्या आतच राहिल्या असत्या. अशा फायलीचे कागद करताना चौकटी सहसा हरवतात, आणि कुणाला कळतही नाही, कारण कागदावर काही कमी दिसत नाही. या माणसाने तसे केले नाही. त्याने प्रत्येक शब्दामागचा मजकूर उपसून काढला, त्याला आकडा दिला आणि पानाच्या तळाशी नेऊन बसवला. मी अधूनमधून जाऊन पाहत असे. तो मान वर न करता म्हणायचा, "निंघून राह्यलं सर, एकबी सुटणार नाही." एकही सुटली नाही, हे खरे आहे.

मग एक दिवस त्याचा फोन आला, प्रुफं तयार आहेत. मी बाड घरी आणले आणि टेबलावर ठेवून वाचायला लागलो. वरचे शब्द सुरेख आले होते. जुना फाँट आता चालत नाही म्हणून त्याने सगळा मजकूर नव्या युनिकोड अक्षरांत बदलून घेतला होता. अर्थ स्वच्छ, ठळक. मी खाली तळटिपेवर आलो.

पहिल्याच टिपेची सुरुवात "उंट" अशी होती. पुढे "जप". त्यापुढे काही शब्द, ज्यांचा एकमेकांशी संबंध नव्हता. पुढच्या टिपेत पुन्हा उंट. तिसरीत चने. मला आधी वाटले, दुसऱ्या कुणाचे काम चुकून यात आले. पाने उलटत गेलो. प्रत्येक पानाच्या तळाशी उंट आणि चने.

कोडे उलगडायला मला वेळ लागला नाही, आणि उलगडल्याचा उपयोगही नव्हता. अक्षरे बदलणाऱ्या प्रोग्रॅमला सोंग आणि खरे यातला फरक कळत नाही. वरच्या मजकुराच्या पोटात इंग्रजी अक्षरे होती, त्यांचे त्याने मराठी केले. खालच्या टिपांत तर उघडच इंग्रजी अक्षरे होती. तीही त्याला जुन्या फाँटचीच वाटली. एमचा उ झाला, एचा अनुस्वार, आयचा प. "माई"चे "उंप" झाले. "कापूस" लिहिले होते तिथे सुरुवातीचे काना आणि अनुस्वार बसायला आधी अक्षरच नव्हते म्हणून गळून गेले आणि "चने" उरले. "ती"चे "जप" झाले. पान जसे होते तसे सोडले असते तर प्रोग्रॅम चौकटींच्या वाटेला गेलाही नसता. आम्ही त्या जपून बाहेर काढल्या, म्हणून त्या त्याच्या तोंडी गेल्या.

एवढ्यावर थांबले असते तरी मी एकेक अक्षर मागे नेऊन काही लावून घेतले असते. मी दुकानात गेलो.

"फाँट फुटला वाटते सर," तो प्रुफाकडे पाहत म्हणाला. "म्हणूनच खाली लाल रेघा लय येऊन राह्यल्या होत्या."

"मग?"

"मंग शुद्धलेखन मारलं. रेघा गेल्या."

म्हणजे निरर्थक अक्षरांच्या जागी यंत्राने जवळपासचा एखादा खरा शब्द बसवला होता, सगळीकडे. उंपच्या जागी उंट. चने आणि जप आधीच शुद्ध होते, ते राहिले. बाकी कुठल्या शब्दाचे काय झाले ते सांगायला आता कुणी नव्हते.

"मूळ फाइल?"

त्याने पेन ड्राइव्ह लावला. फाइल तिथे होती, तेच नाव होते. उघडली. आत उंट होते.

"वरूनच सेव्ह करत गेलो, सर," तो म्हणाला. आवाज खाली आला होता. "मले वाटलं तुमच्याकडं दुसरी असन."

दुसरी नव्हती. त्याने दुकानाचे शटर अर्धे खाली ओढले, दोन चहा सांगितले आणि आम्ही ते प्यायलो. नंतर त्याने तो पेन ड्राइव्ह अमरावतीला त्याच्या ओळखीच्या एका माणसाकडे पाठवला. त्या माणसाने सांगितले, जुन्या मजकुरावर नवा लिहिला गेला आहे, खालचे निघत नाही.

स्मृतिदिन जवळ आला होता. मी घाटंजीची बस धरली.

माई ओट्यावर तुरीच्या शेंगा सोलत होती. मी तिला जमेल तसे सांगितले. प्रोग्रॅम, फाँट, हे तिला कसे सांगायचे याचा बसमध्ये विचार केला होता, त्याचा काही उपयोग झाला नाही.

"फाँट फुटला, माई."

"फुटला? मंग चांगलंच झालं ना! बोंड फुटल्याबगर कापूस कसा दिसन?"

"तसं फुटणं नाही."

"अळी लागली?"

मी हो म्हटले. यापेक्षा नीट मला सांगता आले नसते. मी तिला एक टीप वाचून दाखवली. उंट ऐकल्यावर तिने सुपातला हात थांबवला.

"उंट कोन?"

"तुम्ही."

ती खूप हसली. डोळ्यांना पदर लावून हसली. "मागं काय काय म्हनली मले, पन उंट नाही म्हनली कधी." मग हसणे ओसरले आणि तिने विचारले, "मंग काहीच नाही वाचता येत?"

मी म्हटले, शब्द आहेत. तुम्ही पुन्हा सांगा, मी पुन्हा लिहितो. मी एकेक शब्द उच्चारत गेलो आणि माई सांगत गेली. फरदड, पाती, धुरा, निंदण. ती मजेत सांगत होती, हातवारे करत होती. सांगण्यात खोट नव्हती. मी भराभर लिहीत होतो. मला वाटले, निम्मे तरी हाती लागले. मग ती मध्येच थांबली.

"जवाई, हे त माहंच झालं."

"हो."

"माहं मले मालूमच हाय. तिचं कुठं आहे?"

तिने सूप बाजूला सरकवले आणि घरात गेली.

दुसऱ्या खेपेला मी गेलो तेव्हा माझ्याजवळ एक कागद होता. त्यावर सहा-सात ओळी होत्या. यवतमाळला बसून, उंट आणि जप यांच्यामागे अक्षरे लावून पाहता पाहता एका टिपेत मला अर्धे वाक्य लागल्यासारखे वाटले होते. उरलेले अर्धे मी लिहिले. मग बाकीच्या ओळी पूर्णच लिहिल्या. पंचवीस वर्षे मी तिचे बोलणे ऐकले होते, वाचण्याचाच माझा धंदा होता. मला वाटले, जमेल. मी माईला सांगितले की थोडे निघाले.

ती समोर येऊन बसली, पदर सावरून, जशी विहारात बसते तशी.

मी वाचले: "माईच्या बोटांना कापसाची वाट डोळे मिटूनही सापडते. माझ्या बोटांना खडूची सापडली, ती तिच्यामुळे."

माई ऐकत होती. मी पुढची ओळ वाचली, मग तिसरी. मी कागद खाली ठेवला.

"लय चांगलं लिवलं," ती म्हणाली.

"हो."

"पन हे तिचं नोहे."

"काहून, माई?"

"ती मले चांगली म्हनतच नव्हती." ती कागदाकडे पाहत होती, जणू तिला तो वाचता येत होता. "ती भांडे. हे तुमी लिवलं."

मी नाही म्हटले नाही. तिने माझ्यासमोर चहा आणून ठेवला. कप खाली ठेवताना म्हणाली, "खाली काहीच नका टाकू आता. नुसते शब्द छापा. आपलं घालू नका अन् तिचं म्हनू नका."

पुस्तिका ठरल्या दिवशी निघाली. दुकानदाराने तळटिपा काढून टाकल्या, पाने पुन्हा लावली, आणि मनापासून केले. आर्णीहून आलेल्या, पत्नीसोबत शिकवणाऱ्या एका बाईंनी ती चाळून पाहिली आणि म्हणाल्या, "किती नेटकं झालंय, सर. शुद्धलेखनाची एक चूक नाही." खीर वाढणाऱ्या पोरींनीही एकेक प्रत उचलली. शब्द आहेत, अर्थ आहेत, पानाच्या तळाशी पांढरी जागा आहे.

माईची प्रत विहारातून येताना मीच तिच्या हातात दिली होती. अजूनही मी अधूनमधून गावी जातो. कापूस वेचायला ती आता जात नाही, गुडघे चालत नाहीत, आणि वेचायला पूर्वीइतका असतोही कुठे. पुस्तिका फडताळात भांड्यांच्या मागे उभी आहे, कुणी उघडल्याची खूण नाही. मागच्या खेपेला मी विचारले, वाचून दाखवू का?

"नोको," ती म्हणाली. "त्यातलं मले सारं मालूम हाय."